फुटपाथमधली काच आणि भुयारातला उजेड

१ ऑगस्ट २०२३ रोजी पुणे मेट्रोचे दोन नवे टप्पे सुरू झाले. त्या वेळी निघालेल्या सरकारी पत्रकात सिव्हिल कोर्ट (आता जिल्हा न्यायालय) या भुयारी स्थानकाविषयी दोन गोष्टी अभिमानाने सांगितल्या होत्या. एक म्हणजे हे देशातील सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक असून त्याचा सर्वांत खोल बिंदू ३३.१ मीटरवर आहे. दुसरी म्हणजे स्थानकाचे छप्पर अशा रीतीने बांधले आहे की थेट सूर्यप्रकाश फलाटावर पडतो.

वाचणारा दोन्ही गोष्टींचे कौतुक करून पुढे जातो. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र इथे क्षणभर थांबावे. स्थानक जितके खोल, तितका वरून येणारा उजेड दुर्मिळ. मग सूर्यप्रकाश फलाटावर पडतो म्हणजे किती वेळ पडतो, किती जागेवर पडतो आणि कोणत्या महिन्यांत पडतो? ही विचारणा अभियंत्यांच्या कामाला कमी लेखण्यासाठी नाही. एवढ्या खोलवर आकाशाचा तुकडा दिसावा यासाठी कोणी तरी विचार केला, हीच मोठी गोष्ट आहे. परंतु कौतुक मोजून केले म्हणजे त्याला किंमत येते.

हा प्रश्न पुण्यापुरता नाही. ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो-५ मार्गाची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. हा मार्ग मुळात खांबांवरून जाणारा. पण भिवंडीतल्या दाट वस्तीत घरे आणि दुकाने पाडावी लागू नयेत म्हणून धामणकर नाका ते टेमघर हा टप्पा जमिनीखालून नेण्याचे ठरले. म्हणजे 'जमिनीखाली उजेड कसा न्यायचा' हा प्रश्न उद्या भिवंडीकरांच्याही दारात येणार आहे. तेव्हा एक आकर्षक कल्पना हमखास पुढे येईल: फुटपाथमध्येच जाड काच बसवा, म्हणजे वरचा सूर्यप्रकाश आपोआप खाली उतरेल! ही कल्पना जुनी आहे, सुंदर आहे, आणि एका मर्यादेत उपयुक्तही आहे. ती मर्यादा कोणती, ते या लेखात पाहू.

जहाजापासून स्थानकापर्यंत

लाकडी जहाजांच्या डेकखाली दिवा लावणे धोक्याचे असे. म्हणून डेकच्या फळीत काचेचा जाड लोलक बसवत. त्याचा वरचा भाग फळीशी सपाट आणि खालचा भाग निमुळता असे. न्यूयॉर्कमधील थॅडियस हयात यांनी १८४५ मध्ये फुटपाथसाठी अशाच एका योजनेचे पेटंट घेतले. लोखंडी पत्र्याला भोके पाडून त्यांत काचेची गोल भिंगे बसवायची आणि हा पत्रा तळघरावर छतासारखा टाकायचा, अशी ही योजना होती. विजेचे दिवे नव्हते, गॅसचे दिवे महाग व धुराचे होते. अशा काळात फुटपाथखालची कोठारे आणि कामाच्या खोल्या या काचांनी उजळल्या. लंडनमध्ये हेवर्ड यांच्या कंपनीने काचेच्या खालच्या बाजूला लोलकाचा आकार दिला आणि उजेड तळघराच्या आतल्या बाजूला वळवला.

इथे दहावीच्या पुस्तकातला धडा जसाच्या तसा उपयोगी पडतो. सपाट काचेतून किरण जाताना आत शिरताना वाकतो आणि बाहेर पडताना तितकाच उलट वाकतो, म्हणून त्याची मूळ दिशा कायम राहते. असा उजेड काचेच्या खालीच पडून राहतो. काचेची खालची बाजू तिरपी केली की किरण त्या पृष्ठभागावर मोठ्या कोनात आदळतो. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो. त्याहून मोठ्या कोनात आदळलेला किरण बाहेर न पडता पूर्ण आंतरिक परावर्तनाने आडवा वळतो आणि खोलीच्या दूरच्या भिंतीपर्यंत जातो. एक बारकावा विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. लोलक उजेड निर्माण करत नाही, वाढवतही नाही. तो फक्त उजेडाची दिशा बदलतो.

या जुन्या काचा आज अनेक ठिकाणी जांभळट दिसतात. काचेतल्या लोहामुळे येणारी हिरवी झाक घालवण्यासाठी त्या काळी तिच्यात मँगनीजचे संयुग मिसळत. अनेक वर्षे अतिनील किरण पडत राहिले की त्याच मँगनीजमुळे काच जांभळी होते. म्हणजे ज्या पदार्थाने काच रंगहीन केली, त्यानेच पुढे तिला रंग दिला. रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या स्थानकांपैकी अनेक स्थानके रस्त्याच्या अगदी जवळ, थोड्याच मीटर खोलीवर होती आणि फलाट फुटपाथच्या खाली येत होते. तिथे फुटपाथमधल्या काचांनी खरोखर काम केले. सिटी हॉल हे त्यातले सर्वांत देखणे स्थानक. त्याच्या कमानीदार छतात रंगीत काचांच्या खिडक्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीने त्या काळ्या करण्यात आल्या आणि ३१ डिसेंबर १९४५ रोजी स्थानकच प्रवाशांसाठी बंद झाले. इतर ठिकाणी विजेचा दिवा स्वस्त होत गेला तसे काचांकडे दुर्लक्ष झाले. फुटलेल्या काचेच्या जागी नवी न बसवता काँक्रीट किंवा डांबर भरले गेले. जुन्या स्थानकाचे नूतनीकरण करताना ही काच पुन्हा बसवावी असे कोणाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. पण ही काच यशस्वी ठरली ती काचेच्या गुणांमुळे जेवढी, तेवढीच स्थानकाच्या उथळपणामुळे, ही गोष्ट अशा वेळी विसरली जाते.

दहापट खोली, शंभरपट काच

आता थोडे गणित करू. ढगाळ आकाश सगळीकडून सारखाच उजेड देते असे मानू. छताला गोल भोक आहे आणि आपण त्याच्या बरोबर खाली उभे आहोत. उघड्या मैदानावरच्या उजेडाचा किती भाग आपल्यापर्यंत येईल? त्याचे सूत्र सोपे आहे. भोकाच्या त्रिज्येच्या वर्गाला, त्रिज्येचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांच्या बेरजेने भागायचे. भिंतींवरून परावर्तित होऊन येणारा उजेड यात धरलेला नाही.

भोकाची त्रिज्या १.५ मीटर आणि खोली ३ मीटर असेल तर उत्तर येते २.२५ भागिले ११.२५, म्हणजे २० टक्के. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स उजेड असेल तर खाली २,००० लक्स मिळतील. काच, तिच्यावरची धूळ आणि लोखंडी चौकट यांनी निम्मा उजेड खाल्ला तरी १,००० लक्स उरतात. वर्गात वाचायला सुमारे ३०० लक्स पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे तळघरातल्या त्या कोठारांना दिव्याची गरज का भासली नाही ते कळते.

आता भोक तेच ठेवून खोली ३० मीटर करू. उत्तर येते २.२५ भागिले ९०२.२५, म्हणजे पाव टक्का. बाहेरच्या १०,००० लक्सपैकी खाली पोहोचतात २५, आणि काच व धूळ धरून १२-१३. एवढ्या उजेडात पायरी दिसेल, पण तिकिटावरचा मजकूर धड वाचता येणार नाही. ३० मीटर खोलीवर पुन्हा २० टक्के उजेड हवा असेल तर भोकाची त्रिज्या १५ मीटर लागेल. खोली दहापट झाली तर काचेचे क्षेत्रफळ शंभरपट करावे लागते. फुटपाथ कितीही रुंद असला तरी ३० मीटर व्यासाची काच त्याच्यात मावणार नाही. इतक्या खोल स्थानकाला उजेड द्यायचा तर संपूर्ण छप्परच उघडे ठेवण्याचा विचार करावा लागतो. तिथे फुटपाथमधल्या काचेचे काम राहत नाही.

हे वर्गात करून पाहता येते. काळ्या कार्डपेपरच्या ५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन नळ्या करा, एक ५ सेंटिमीटर लांबीची आणि दुसरी ५० सेंटिमीटर लांबीची. वरच्या उदाहरणाचीच ही साठपट लहान प्रतिकृती आहे. मोबाईल फोनमध्ये उजेड मोजणारे ॲप घ्या आणि फोनचा प्रकाश-संवेदक कुठे आहे ते बोट फिरवून शोधा. मग उन्हात नव्हे, तर ढगाळ आकाशाखाली किंवा मोकळ्या सावलीत, आधी नळीशिवाय, नंतर लहान नळी आणि शेवटी लांब नळी उभी धरून आकडे लिहा. आकडे सूत्राशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण पडलेला फरक कोणालाही पटेल. त्यानंतर लांब नळी आतून चकचकीत वर्खाच्या कागदाने मढवा आणि पुन्हा मोजा. आकडा कितीतरी वाढलेला दिसेल. खोल स्थानकात काचेइतकेच महत्त्व भिंतींच्या रंगाला का आहे, ते या शेवटच्या मोजणीतून कळते.

थेट सूर्यप्रकाश: कधी आणि कुणाला?

वरचा हिशोब आकाशाच्या विखुरलेल्या उजेडाचा झाला. पत्रकात उल्लेख आहे तो थेट सूर्यप्रकाशाचा. त्याचा हिशोब वेगळा आहे.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर. तिथे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे स्थानकाचे उद्घाटन झाले त्या १ ऑगस्टला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच होता! छतातल्या काचेतून सरळ खाली ऊन पडण्यासाठी याहून चांगला दिवस नाही. अडचण एवढीच की हे दिवस पावसाळ्याचे असतात आणि सूर्य बहुधा ढगाआड असतो.

उलट, आकाश निरभ्र असते त्या डिसेंबरात पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. अशा तिरप्या उन्हाचा किरण ३० मीटर खाली पोहोचेपर्यंत सुमारे २७ मीटर उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे फलाटावरच्या ज्या जागी ऊन हवे, तिच्यापासून २७ मीटर दक्षिणेला छत मोकळे हवे आणि मधल्या सर्व मजल्यांतही तशीच तिरपी वाट हवी. एरवी ऊन भिंतीवर किंवा वरच्या मजल्यावर संपते. विषुवदिनी सकाळी साडेनऊच्या सुमारास हेच सरकणे ३३ मीटर होते. आणि मेट्रोला खरी गर्दी होते सकाळी नऊ-दहाला आणि संध्याकाळी सहा-सातला. संध्याकाळी सहाला तर विषुवदिनी सूर्य क्षितिजाजवळ आलेला असतो.

तेव्हा पत्रकातले विधान खोटे नाही, पण ते अर्धे आहे. फलाटावर काही जागी, काही महिन्यांत, दिवसातला काही वेळ ऊन पडते, असे म्हटले असते तर ते पूर्ण झाले असते. अशी अर्धी विधाने ओळखायला त्रिकोणमितीचे एक कोष्टक पुरते, हे नववी-दहावीच्या मुलांना दाखवून देण्याची ही चांगली संधी आहे.

वीज वाचते काय?

नैसर्गिक उजेडाचा दुसरा गाजावाजा वीजबचतीचा असतो. तेही तपासू. फलाटाचे क्षेत्रफळ १,००० चौरस मीटर आणि हवा असलेला उजेड २०० लक्स धरला तर एकूण २,००,००० ल्यूमेन लागतात. एलईडी दिवा एका वॉटला सुमारे १०० ल्यूमेन देतो. म्हणजे २,००० वॉट. वाया जाणारा उजेड धरून दुप्पट केले तरी ४ किलोवॉट, घरातल्या दोन गिझरांइतकी वीज. एवढ्या मोठ्या स्थानकाच्या जिने, पंखे, पंप आणि वातानुकूलनाच्या खर्चात ही बचत दिसणारही नाही. उलट भर उन्हात काचेच्या एका चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॉट सूर्यऊर्जा पडते. काच मोठी ठेवून उन्हाला मोकळे सोडले तर ती उष्णता बाहेर काढायला दिव्यांच्या बचतीपेक्षा जास्त वीज लागू शकते.

मग उजेड खाली न्यायचाच कशाला? त्याचे खरे उत्तर विजेच्या बिलात नाही, माणसात आहे. भुयारात उतरलेल्या माणसाला वर दिवस आहे की रात्र, पाऊस आहे की ऊन, बाहेरची वाट कोणत्या बाजूला, हे कळले म्हणजे तो निर्धास्त असतो. वीज गेली, धूर झाला, तर माणूस उजेडाच्या दिशेने धावतो. म्हणून उजेड हवा तो जिन्यांवर आणि तिकिटांच्या मजल्यावर. हा मजला सहसा रस्त्याच्या लगेच खाली, थोड्या मीटरांवर असतो. आपल्या सूत्रानुसार काच काम करते ती नेमकी याच खोलीवर! खोल फलाटाचा हट्ट सोडून पहिल्या मजल्याचा विचार केला तर कल्पना आणि गणित यांचा मेळ बसतो.

भिवंडीचा फुटपाथ आणि भिवंडीचा पाऊस

पण हीच काच भिवंडीत फुटपाथमध्ये बसवावी काय? माझे स्पष्ट मत आहे की बसवू नये.

भिवंडीच्या रस्त्यांवरून सुताचे बीम आणि कापडाचे तागे भरलेले टेंपो व हातगाड्या दिवसभर जात असतात. फुटपाथवर माणसे चालतात, माल उतरतो आणि गाड्याही उभ्या राहतात. काच जाड करून वजन पेलता येईल, पण ओरखडे टळणार नाहीत. ओरखडलेली, चिखलाने माखलेली काच अपारदर्शक फरशीच होते. न्यूयॉर्कच्या काचा मेल्या त्या मुख्यतः देखभालीअभावी. रोज झाडला न जाणारा फुटपाथ रोज पुसला जाईल, असे कोणत्या भरवशावर मानायचे?

दुसरी अडचण पाण्याची. काच आणि लोखंड उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातले सांधे वर्षानुवर्षे सैल होत जातात. कामवारी नदीकाठच्या या गावात जोराच्या पावसात सखल भागांत पाणी साचते हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत २६ मे २०२५ रोजी आचार्य अत्रे चौक या भुयारी स्थानकात बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी घुसले आणि सेवा थांबवावी लागली. तिथे वाट काचेची नव्हती. पण रस्त्याच्या पातळीवरचे कोणतेही तोंड कोकणच्या पावसात किती महागात पडते, हे त्या दिवशी दिसले. म्हणून भिवंडीत उजेडाचे तोंड रस्त्याच्या पातळीवर नको, ते कमरेएवढ्या उंच चौथऱ्यावर हवे. काच आडवी न ठेवता तिरपी ठेवावी, म्हणजे पाऊसच तिला धुऊन काढेल. चौथऱ्यावर गाडी चढत नाही, पाणी चढायला वेळ लागतो, आणि फुटलेली काच चटकन दिसते.

याच काचेची दुसरी जागा

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते. उजेडाविषयी आपण बोलू लागतो तेव्हा डोळ्यांसमोर मेट्रो येते. भिवंडीत मात्र भरदिवसा अंधारात काम करणारी माणसे जमिनीखाली नाहीत, जमिनीवरच आहेत. ती यंत्रमागाच्या कारखान्यांत आहेत.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाईखात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. दात्याची उभी बाजू उत्तरेकडे आणि तिला काच. त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन न येता आकाशाचा शांत, एकसारखा उजेड मागावर पडे. ताण्यातला तुटलेला धागा ताबडतोब दिसावा, हा त्यामागचा हेतू. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे पुष्कळ काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे आले. माग आले, पण ते छप्पर आले नाही. एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाळ्यांत बाजूच्या भिंतींना खिडकी काढायला जागा नसते. उजेडाला एकच वाट उरते, ती वरची. आणि छपराची उंची असते चार-पाच मीटर. आपल्या सूत्राला सर्वांत अनुकूल अशी हीच खोली आहे!

त्यासाठी परदेशी भिंगे नकोत. कोकणातल्या कौलारू घरात स्वयंपाकघरावर काचेचे एखादे कौल असते. माळवदाच्या घराला सवणे असते. पत्र्याच्या छपरात मधला एक पत्रा पारदर्शक घातला तर तेच साधते. ब्राझीलमधील आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली पत्र्यात अर्धी वर, अर्धी आत बसवून ४० ते ६० वॉटच्या साध्या दिव्याइतका उजेड मिळवला. डेकमधल्या लोलकाची ही गरिबाघरची बहीणच आहे. पत्र्याच्या सांध्यातून पाऊस गळू नये याची काळजी मात्र घ्यावी लागते, नाही तर मागावरचे कापड खराब होते आणि मालक दुसऱ्या दिवशी बाटली काढून टाकतो. ज्या गाळ्यांवर वरचा मजला आहे तिथे हा उपाय चालणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पण जिथे छप्पर उघड्या आकाशाखाली आहे, तिथे काच किंवा पारदर्शक पत्रा न घालण्याचे कारण तांत्रिक नाही.

भिवंडी परिसरातल्या शाळांना यावर एक प्रकल्प करता येईल. विद्यार्थ्यांनी फोनवरच्या ॲपने आपल्या वर्गातला, घरातला आणि परवानगी मिळाली तर कारखान्यातला दुपारी बारा वाजताचा उजेड मोजावा, छपराची उंची लिहावी आणि किती क्षेत्रफळाची काच घातली तर ३०० लक्स मिळतील ते सूत्राने काढावे. ज्या मुलांचे वडील किंवा भाऊ मागावर बारा-बारा तास उभे असतात, त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. आणि भुयारी स्थानकाचे आराखडे लोकांसमोर येतील तेव्हा तिकिटांच्या मजल्यावर दिवसाउजेडी किती लक्स मिळणार, काच कोण पुसणार, आणि पाणी कुठून अडवणार, हे तीन प्रश्न विचारायला हीच मुले पुढे असावीत.